जुन्या मोटारीची नवी ठिणगी

आपल्या सभासद बंधूंपैकी कित्येकांच्या वाड्यात अथवा गोदामाच्या पडवीत एखादी जुनी मोटार अद्याप उभी आहे. वडिलांनी किंवा चुलत्यांनी ती घेतली, तिच्यातून पेठोपेठी वसुली केली, घरातील लग्नकार्यांत तिला फुलांच्या माळा चढविल्या, आणि नव्या मोटारी दारी आल्यानंतरही तिला मोडीत घालण्याचे धैर्य कोणास झाले नाही. आमच्या घरी अशी एक अ‍ॅम्बॅसेडर आहे. तीर्थरूपांनी ती १९८३ साली घेतली व खानापूर, गोकाक, निपाणी या बाजारांतून कापडाचे नमुने घेऊन ती वीस वर्षे हिंडली. पुढे तिच्या ठिणगीच्या यंत्रणेत आम्ही जो फेरबदल केला, त्यापायी झालेला मनस्ताप व त्यातून मिळालेले ज्ञान येथे मांडीत आहे. यातील काही भाग लेखकास भूषणावह नाही. पण तो गाळल्यास हकीकत अपुरी राहील.

प्रथम मूळ यंत्रणा कशी चालते ते पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली, ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बसविली व १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारीत आली. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह किल्लीच्या स्विचातून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात येतो व तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील सीबी पॉइंटातून इंजिनाच्या लोखंडात, म्हणजे अर्थला जातो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. ते उघडताच ते चुंबकत्व क्षणात कोसळते व दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी उडते. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या लागतात. म्हणजे इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर हे चिमुकले पॉइंट सेकंदास शंभर वेळा उघडतात व मिटतात. त्यांची तोंडे जळणार, त्यांना खड्डे पडणार, त्यांची फायबरची टाच झिजणार, हे ओघानेच आले. अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात पॉइंटातील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावयाचे असते. ते कमीजास्त झाले की टायमिंग ढळते, गाडी मिसिंग करू लागते आणि पेट्रोल अधिक खाते.

पूर्वी दर पाच हजार किलोमीटरांस मिस्त्री कानशीचा एक हात फिरवून, पाती घालून अंतर बसवीत असे. आता तसे पॉइंट मिळणे कठीण झाले आहे. मिळाले तरी त्यांचा कस राहिलेला नाही, व ते बसविणारे हातही थकले. यास्तव अनेक जण पॉइंट व कंडेन्सर काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवितात. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर रोटरखाली चार चुंबकांचे एक कडे बसते. पॉइंटांच्या जागी एक छोटा मोड्यूल बसतो. चुंबक समोरून गेला की मोड्यूलमधील संवेदकास ते कळते, आणि तो कॉइलचा प्रवाह तोडतो. घासणारा भाग काहीच नाही. ज्या गुणधर्मावर हे अवलंबून आहे तो एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला. मोटारीत अशा बिनपॉइंटच्या यंत्रणा सर्रास येऊ लागल्या त्या १९७० च्या दशकात. आमच्या अ‍ॅम्बॅसेडरचा मूळ आराखडा त्याहून जुना, १९५० च्या दशकातील मॉरिस ऑक्सफर्डचा. २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखाना थांबला तोवर ही गाडी निघत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे एका आराखड्याचे आयुष्य किती असू शकते याचे नवल वाटते.

असो. २०२२ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या एका सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून आम्ही असा संच मागविला. या गृहस्थांशी आमचा परिचय नव्हता. तरी त्यांनी माल आधी पाठविला व पैसे मागाहून देण्यास सांगितले. बाजारातील एका तरुण इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात तो बसविला. तांबडी तार कॉइलच्या धन टोकास, काळी ऋण टोकास, संपले काम. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. इंजिन इतके संथ व एकसारखे चालू लागले की बॉनेटवर नाणे उभे राहील असे मुले म्हणू लागली.

दोन-तीन आठवड्यांनी एक चमत्कारिक खोड दिसू लागली. सकाळी सेल्फ मारीत असता इंजिन पेट घेत नसे; पण किल्ली सोडावी आणि त्याच क्षणी ते भुर्रकन सुरू व्हावे. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. घरातील वृद्ध माणसाची एखादी लकब म्हणून सोडून द्यावी तसे. वस्तुतः त्या लकबीतच सारे उत्तर दडलेले होते.

आषाढात म्हापशास भाचीचा साखरपुडा होता. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ल्याच्या घाटाने निघालो. कणकुंबी सोडली आणि पावसाने असे झोडपले की दोन हातांवरचा रस्ता दिसेना. वायपर चालू केला, काचेवरील वाफ घालविण्यासाठी पंखाही लावला. एका वळणावर समोर ट्रक अडल्यामुळे गाडी हळू केली, आणि इंजिन निमूटपणे बंद पडले. सेल्फ मारला, उपयोग नाही. मागे वाहनांची रांग. गाडीत ऐंशी वर्षांच्या मातोश्री व साखरपुड्याचे सामान. दहा-बारा मिनिटांनी गाडी आपणहून सुरू झाली. पुढे साखळीपर्यंत ती आणखी दोनदा अशीच बंद पडली. मुहूर्त टळला नाही, पण आम्ही पोहोचलो ते ओलेचिंब होऊन.

परत आल्यावर इलेक्ट्रिशियनने कॅप उघडून कोरडी केली, कॉइल पुसली, किल्ली चालू करून मीटरने तांबडी तार तपासली. साडेबारा व्होल्ट. “करंट पुरा आहे, मोड्यूलच गरम होऊन मरतो,” असा त्याने निर्वाळा दिला. मी कोल्हापुरास दूरध्वनी केला व जे बोललो ते आता आठवले तरी संकोच वाटतो. त्या गृहस्थांनी वाद न घालता दुसरा संच पाठविला व पहिला परत मागविला. दुसरा बसविला, श्रावणातल्या पहिल्या जोरदार सरीत गाडी पुन्हा बंद! मग मात्र मी त्यांना स्पष्ट कळविले की, तुमचा माल टाकाऊ आहे, पैसे मिळणार नाहीत. त्यांनी “ठीक आहे शेठजी” एवढेच उत्तर दिले.

गणपतीच्या आधी आमचे जुने मिस्त्री भेटावयास आले. त्यांनी तीर्थरूपांच्या वेळेपासून ही गाडी सांभाळली होती; आता डोळ्यांमुळे गॅरेज बंद केले आहे. त्यांनी बॉनेट उघडले नाही. ओट्यावर बसून चहा घेता घेता प्रश्न विचारले. “शेठ, उन्हात कधी बंद पडली का?” नाही. “पावसात वायपर न लावता?” तसे कधी घडलेच नाही. “पंखा?” दोन्ही वेळा चालू होता. “आणि सेल्फ सोडल्यावर सुरू होते म्हणता?” होय. मिस्त्री हसले. “मग कॅप कशाला पुसता? पाणी आत गेले नाही. करंट वाटेत मरतो आहे.”

त्यांनी मीटर मागविला, जुना, काट्याचा. इंजिन सुरू करून रेसवरून सोडले, वायपर व पंखा लावला. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकास, तांबडी कॉइलच्या धन टोकास. काटा थरथरत खाली येऊ लागला. नऊ, साडेआठ, आठ. त्याच्या खाली जाताच इंजिन बंद. संचाबरोबर आलेल्या कागदावर बारीक अक्षरात छापले होते की मोड्यूलला किमान आठ व्होल्ट लागतात. तो कागद आमच्या कपाटात घडीही न मोडता पडून होता.

मग इलेक्ट्रिशियनला साडेबारा व्होल्ट दिसले ते कसे? हा या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त धडा असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. त्याने मोजले तेव्हा इंजिन बंद होते, वायपर बंद, पंखा बंद. आणि आमच्यासारखे कित्येक मोड्यूल इंजिन थांबलेले असता कॉइलचा प्रवाह आपणच रोखून धरतात. म्हणजे तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नव्हता. नळ गाळाने तुंबलेला असला तरी तोटी बंद असताना आतील दाब पूर्णच असतो. तोटी उघडावी तेव्हा धार किती बारीक येते ते कळते. विजेचे तसेच. मार्गात अडथळा असेल तर तो प्रवाह वाहू लागल्यावरच दाब खातो. यास्तव दाब मोजावयाचा तो भार चालू असताना. टेस्ट लॅम्पचा छोटा दिवा येथे फसवितो, कारण तो घेतो तो प्रवाह इतका थोडा की तुंबलेल्या वाटेनेही तो खुशाल पेटतो.

अडथळा कोठे आहे हे शोधण्याची मिस्त्रींची रीतही साधी होती. भार चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी वाटेतील एकेका जोडास टेकवीत जावयाची. मीटर जे दाखवील तेवढा दाब तोवर वाटेत खाल्ला गेला. स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत काही नाही. किल्लीच्या स्विचात येणाऱ्या टोकापर्यंत ०.२ व्होल्ट. स्विचातून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या तारेवर एकदम ४.१. म्हणजे स्विचाच्या पोटातच जवळजवळ चार व्होल्ट जळत होते! कॉइल, वायपर व पंखा मिळून अकरा अँपिअर धरले, तर स्विचातील अडथळा भरतो एक तृतीयांश ओहमहून किंचित अधिक. कागदावर क्षुल्लक दिसणारा आकडा. पण तेवढ्याने चाळीस वॅटच्या दिव्याइतकी उष्णता त्या एवढ्याशा स्विचात निर्माण होत होती. हात लावून पाहिला तो खरोखरच चटका बसला.

आता सारे कोडे उलगडले. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब दहा व्होल्टांच्या खाली येतो. त्यातून स्विच दीड-पावणेदोन खाई, आणि मोड्यूल आठाच्या उंबरठ्यावर येऊन डोळे मिटी. किल्ली सोडताच दाब वर येई, इंजिन अजून गतीत असे, म्हणून ते पेट घेई. घाटात इंजिन मंद चालत असता डायनामो काही पुरवीत नव्हता, त्यात वायपर व पंखा त्याच स्विचातून प्रवाह ओढीत होते. दहा मिनिटे सारे बंद ठेवले की स्विच निवे, बॅटरी सावरे, गाडी सुरू होई. यालाच आम्ही कधी ओल म्हणालो, कधी मोड्यूलचा ताप.

हा स्विच कदाचित दहा वर्षे असाच होता. पॉइंटांना किमान दाबाची अट नसते. आठ व्होल्ट मिळाले तर ते आठ व्होल्टांची दुबळी ठिणगी पाडतात, पण पाडतात. “घाटात पिकअप नाही” अशी तीर्थरूपांची तक्रार शेवटची काही वर्षे असे. तिचे कारण हेच असावे असे मला आता वाटते.

खात्रीसाठी मिस्त्रींनी बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत फ्यूज घातलेली एक सुटी तार जोडली. वायपर, पंखा सारे चालू असताना इंजिन हूं की चूं न करता चालले. हा प्रयोग करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे : अशी तार लावली असता किल्ली काढली तरी इंजिन बंद होत नाही, तार काढावी लागते, आणि ती तशीच विसरली तर इंजिन थांबल्यावरही कॉइलला व मोड्यूलला प्रवाह मिळत राहून दोन्ही धोक्यात येतात. किल्ली चालू ठेवून, इंजिन न चालविता मुलांनी गाडीत बसून खेळणे हेही याच कारणास्तव बंद करावे.

उपाय दोन केले. स्विच नवा बसविला, व एक रिले घातला. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार, ८७ वरून कॉइल व मोड्यूल, आणि ८५ व ८६ पैकी एकास किल्लीची पांढरी तार, दुसऱ्यास अर्थ. म्हणजे किल्ली केवळ हुकूम देते, ओझे वाहत नाही. नंतर मोजले तेव्हा बॅटरी व मोड्यूल यांच्यातील फरक ०.३ व्होल्ट. सारा खर्च एका संचाच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आला.

पुढील काही दिवसांत मिस्त्रींकडून इतर गाड्यांतील अनुभवही ऐकले. त्यांतले काही येथे नोंदवून ठेवतो, कारण प्रत्येकाच्या गाडीत खोट स्विचातच असेल असे नाही. डिस्ट्रिब्यूटरमधील ज्या तबकडीवर मोड्यूल बसतो ती व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी फिरते, आणि तिला अर्थ देणारी एक वेणीसारखी बारीक तार असते. ती तुटली वा मळली असेल तर मोड्यूलला परतीची वाट राहत नाही. पॉइंटांच्या काळात कशीबशी चालणारी गाडी संच घालताच अडखळू लागते. मोड्यूलच्या दोन तारा ताणून बसविल्या, तर तबकडीच्या रोजच्या हालचालीने त्या आवरणाच्या आत तुटतात, वरून अखंड दिसतात. गाडी स्थिर असता ठीक आणि रेस देताच मिसिंग, असे असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तोंडाने ओढून पाहावे. तबकडी फिरताच इंजिन दचकले तर दोष सापडला.

कडे पूर्ण खाली बसले नाही तर त्यावरचा रोटर उंच राहतो व कॅपला घासतो. कॅप बसविताना कुरकुर जाणवली तर बळ लावू नये. प्लगच्या तारा तांब्याच्या असतील तर त्या बदलून कार्बनच्या घालाव्यात; तांब्याच्या तारांतून उठणारा विजेचा गोंगाट मोड्यूलला चुकीच्या वेळी प्रवाह तोडावयास लावतो. कॉइलचा प्राथमिक अडथळा मोजून घ्यावा. साधी बारा व्होल्टची कॉइल सुमारे तीन ओहम भरते. दीड ओहमची भरली तर ती बाह्य रेझिस्टरसह वापरावयाची आहे, आणि तशीच थेट जोडल्यास दुप्पट प्रवाह ओढून मोड्यूल भाजील. संच बसविल्यावर टायमिंग नव्याने लावणे अगत्याचे आहे, कारण चुंबक नेमका पॉइंटांच्या उघडण्याच्या क्षणीच खूण देईल असे नाही. व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बुजवून, स्ट्रोब दिव्याखाली पाहावे. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा बुशात डगमगत असेल तर मात्र संचावर पैसे घालण्यापूर्वी बुश बदलावे. चुंबक ती डगमग काही काळ झाकतात, बरी करीत नाहीत.

एक सूचना फार जुन्या ब्रिटिश गाड्या बाळगणाऱ्यांसाठी. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिकडील अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीस जोडलेले असे. नेहमीचा संच अशा गाडीत जोडला तर तो पहिल्याच क्षणी जळतो, आणि यात विक्रेत्याचा काडीमात्र दोष नसतो.

विक्रेत्याची गोष्ट राहिली. स्विच बदलल्यानंतर आठ दिवस पावसात गाडी फिरविली व खात्री झाल्यावर कोल्हापुरास गेलो. हे दूरध्वनीवर सांगण्याचे काम नव्हते. दुकान लहान, एका गाळ्याचे. गृहस्थ माझ्याहून वयाने धाकटे. मी सारी हकीकत सांगितली व दोन्ही संचांचे पैसे पुढे ठेवले. त्यांनी फडताळातून पहिला संच काढून दाखविला. तो परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून तपासला होता. तो उत्तम चालत होता. “हे तेव्हाच का बोलला नाहीत?” मी विचारले. ते म्हणाले, “तुमची गाडी मी पाहिली नव्हती. माझ्या गाडीत चालतो म्हणून तुमच्यातही चालेल, असे कोणत्या तोंडाने सांगणार?”

पैसे त्यांनी एकाच संचाचे घेतले. पहिला वापरलेला आहे, तो नवा म्हणून विकता येणार नाही, असे मी म्हणून पाहिले. तेव्हा त्यांनी तो कमी दरात, ‘वापरलेला’ असे पावतीवर लिहून मलाच दिला. आता तो, पॉइंट-कंडेन्सरसह जपून ठेवलेली जुनी तबकडी, एक पाना व मिस्त्रींचा काट्याचा मीटर, असे सारे एका बिस्किटांच्या डब्यात घालून गाडीच्या डिकीत ठेवले आहे. चोर्ल्याच्या घाटातून त्यानंतर सात वेळा जाणे झाले. डबा अद्याप उघडावा लागलेला नाही.